हो, मामा

जावयाचा हात अरुंद होता, आणि त्याच्या आयुष्याचं जे काही बरंवाईट झालं ते त्या हातामुळेच झालं.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी त्याला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही. "हात बघू," म्हणाले. त्याने पुढे केला. त्यांनी तो उलटसुलट केला, अंगठा आत दुमडायला लावला, मनगटाची जाडी आपल्या बोटांनी मोजली आणि मुलीकडे वळून म्हणाले, "चालेल गं. कुठेही शिरेल." सगळे हसले. तोही हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे कळायला त्याला पुढे बरीच वर्षं लागली.

सासऱ्यांना तो मामा म्हणायचा. एका छोट्या धावपट्टीच्या कडेला मामांची विमानदुरुस्तीची शेड होती. लोकांची विमानं यायची, दुरुस्त होऊन जायची. एक मात्र कधीच जायचं नाही, ते मामांचं स्वतःचं. दोन माणसांचं, एका पंख्याचं, मामांच्या लग्नाच्याही आधी बनलेलं. शेडच्या मागे तीन खोल्या होत्या, तिथे मामा, त्यांची मुलगी आणि हा जावई राहत. सकाळी स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोर विमानाची शेपटी. कामावर जायला रस्ताच लागायचा नाही, त्यामुळे कामावरून परत येणंही कधी व्हायचं नाही. घरजावई पुष्कळ असतात, पण त्यांना निदान घर तरी मिळतं. याला शेड मिळाली होती.

मामा वाईट नव्हते. वाईट असते तर जावई केव्हाच सुटला असता. माणूस प्रेमळ, हाडाचा कारागीर, जावयाला कधी अरेतुरे केलं नाही. धावपट्टीवर त्यांना सगळे 'कानसेन' म्हणत, कारण लांबून येणाऱ्या विमानाचा आवाज ऐकून ते सांगायचे की याचा कुठला सिलिंडर रुसलाय. अशा माणसापुढे कोण तोंड उघडणार? त्यातून मामांची बोलायची पद्धत अशी की प्रश्नातच उत्तर असायचं. "हा पाना नको, तो घेऊ, नाही का?" "हो, मामा." "उद्या सुट्टी कशाला, उद्या पंखा उतरवू, काय?" "हो, मामा." पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने चहा केला, दोन शिगोशीग चमचे साखर घातली आणि विचारलं, "गोड आवडतो ना?" तेव्हाही हा "हो, मामा" म्हणाला. तेव्हापासून तो पाक रोज पीत होता. बायको त्याला होयबा म्हणायची. आधी लाडाने म्हणायची, हल्ली लाडाने नाही.

त्या दिवशी सकाळी तर तिने निर्वाणीचंच सांगितलं. दुसऱ्या एका मोठ्या शहरात त्याला काम मिळालं होतं. मोठा कारखाना, ठरलेले तास, राहायला जागा. सोमवारी होकार कळवायचा होता. महिनाभर तो "आज सांगतो मामांना" म्हणत होता आणि सांगत नव्हता.

"आज सांग," ती म्हणाली. "नाहीतर मी सांगेन, आणि ते जास्त वाईट होईल. आणि मग त्यांना वाटेल तुझी इच्छाच नव्हती, मीच ओढून नेलं."

"काम करताना सांगतो," तो म्हणाला. कामाच्या वेळी दोघं विमानाच्या दोन बाजूंना असायचे. चेहरा बघावा लागायचा नाही, ही मोठी सोय होती.

काम होतं हवेच्या पेटीचं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या धावपट्टीवर जुन्या विमानांचा मेळा होता आणि मामा मुलीला शेजारी बसवून तिकडे उडत जाणार होते. इंजिनाच्या पोटाखाली पत्र्याची एक पेटी असते. इंजिन श्वास घेतं तो त्या पेटीतून. पेटीला दोन वाटा. समोरून थंड हवा येते, बाजूच्या नळीतून धुराच्या पाइपाभोवती तापलेली. मधे एक झडप, शाफ्ट नावाच्या दांडीवर बसवलेली; दांडीची टोकं बुशच्या कड्यांत फिरतात. वैमानिकाने लिव्हर ओढला की झडप फिरते, थंड वाट बंद होते, गरम उघडते. हे कशाला? तर दमट हवेत इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गळ्यात बर्फ धरतो, इंजिन गुदमरतं, आणि तेव्हा ही गरम हवाच जीव वाचवते. झडप छोटीशी, तळहाताएवढी. पण ऐन वेळी ती ज्याचं ऐकत नाही तो माणूस दुसऱ्यांदा उडत नाही.

पेटी मामांनी स्वतः घडवली होती. पत्रा त्यांनी ठोकला आणि जोडाचे रिव्हेट मारताना आतून लोखंडाचा ठोकळा धरून बसल्या त्या सासूबाई. त्यांचा हात लहान होता. त्या गेल्यानंतर त्या पेटीत दुसऱ्या कोणाचा हात शिरेना, आणि मग मामांना जावई शोधावा लागला. असं लोक गमतीने म्हणत.

खरं तर पेटी खाली उतरवून दुरुस्त करायची वस्तू आहे. पण मामांचा नियम होता: काढलं की बिघडलं. जिथे हात पोचतो तिथे खोलायचं नाही. शिवाय पेटी ज्या चार नटांवर टांगलेली होती त्यांची तोंडं आतल्या बाजूला होती, म्हणजे काढायची तरी हात आतच घालावा लागायचा. "शाफ्टचं बुश झिजलंय, म्हणून झडप खडखडतेय," मामा सकाळी म्हणाले. "आत हात घाला, मागचा नट धरा, मी बाहेरून बुश बदलतो. घटकाभराचं काम, नाही का?"

"हो, मामा," जावई म्हणाला, पुढची जाळी काढली, गुडघ्यांवर बसला आणि कोपराच्या जरा अलीकडपर्यंत हात आत घातला.

झडप आतल्या बाजूला झुकली, हाताला वाट दिली. बोटं नटावर पोचली. तो मनातल्या मनात पहिलं वाक्य जुळवत होता, "मामा, एक बोलायचं होतं", आणि तेवढ्यात झिजलेल्या बुशातला शाफ्ट एका बाजूला सरकला, झडप तिरकी झाली आणि तिची कड मनगटाच्या हाडामागे बसली. त्याने हात ओढला. कड आणखी रुतली. उंदराच्या पिंजऱ्याचं दार असतं तसं झालं. आत जाताना सलाम करतं आणि बाहेर येताना ओळख देत नाही.

"झालं?" पलीकडून मामा म्हणाले.

"मामा, हात अडकलाय."

"अडकायचा नाही. जरा वळवा."

वळवला. नाही निघाला. मामांनी तेल सोडलं, साबणाचं पाणी सोडलं, बारीक पेचकस आत घालून झडप उचकायचा प्रयत्न केला तेव्हा जावयाच्या तोंडून अशी किंकाळी आली की मामांनी पेचकस टाकूनच दिला. हाताला सूज चढू लागली. उजवा हात आत, खांदा चाकाच्या दांडीला टेकलेला, गाल गार पत्र्यावर. डाव्या हाताने फक्त नाक खाजवता येत होतं. दगडाखाली हात सापडणं ही म्हण ज्याने केली त्याने आपलं नशीब मानावं, दगड निदान उचलता येतो.

"अहो, आपण वेडे आहोत," मामा एकदम उठले. "झडप आहे ना? मग लिव्हर कशाला आहे? मी वर बसून हळूच लिव्हर ओढतो, झडप उघडेल, तुम्ही हात काढा."

मामा वर चढले. "ओढू?"

"ओढा."

जावयाच्या बोटांना शाफ्ट फिरल्याचं कळलं. पुरा फिरला, परत फिरला. झडप तसूभरही हलली नाही. त्याने बोट कसंबसं शाफ्टवरून सरकवलं. जिथे दोन रिव्हेट झडपेला शाफ्टशी बांधून ठेवतात तिथे दोन रिकामी भोकं होती. कडा गुळगुळीत. आज तुटलेले नव्हते ते. केव्हाचेच झिजून पडले होते आणि इंजिनाने केव्हाच गिळून पचवले होते.

 हाताचं दुखणं तो तेवढ्यापुरतं विसरला.

कारण दर उड्डाणाआधी एक रिवाज असायचा. इंजिन तापलं की मामा लिव्हर ओढायचे. गरम हवा विरळ, म्हणून इंजिनाचा सूर किंचित खाली उतरतो. उतरला म्हणजे झडप फिरली. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा काटा केव्हाच अडला होता, पण कानसेनांना काट्याची काय गरज! ते लिव्हर ओढायचे, खिडकीतून डोकं बाहेर काढायचे आणि पंख्याच्या वाऱ्यात उभ्या जावयाला ओरडून विचारायचे, "उतरला ना?" आणि जावई अंगठा उंचावून ओरडायचा, "हो, मामा!"

गेल्या हिवाळ्यापासून त्याला सूर उतरलेला ऐकू आला नव्हता. एकदाही नाही. त्याने स्वतःची समजूत काढली होती. वारा असेल, आपलेच कान कच्चे असतील. ज्यांच्या कानाचा डंका आहे ते विचारतायत म्हणजे त्यांना ऐकू आलंच आहे, आपण फक्त मान डोलवायची. आणि त्या डोलवलेल्या मानेवर मामा उडून आले होते, किती वेळा कोण जाणे. उद्या बायको शेजारी बसणार होती.

"उघडली?" वरून मामा.

'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर आला आणि तिथेच बसला. "थोडी... थोडी घट्ट आहे," तो म्हणाला. एवढं होऊनही त्याच्याने 'नाही' म्हणवेना. त्याला स्वतःची शिसारी आली.

मामा खाली उतरले. "सूज उतरू द्या. चहा घेऊ." कोपऱ्यातल्या शेगडीवर त्यांनी चहा केला, दोन चमचे साखर घातली, बशीत ओतून फुंकर घालून स्वतःच्या हाताने जावयाच्या तोंडाला लावला. जावई लहान मुलासारखा तो पाक प्यायला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार ऐकला होता, हा तोंड गोड करून होता.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. उजवा खिसा. डावा हात पोचेना. मामांनी फोन काढला, लेकीचं नाव बघून हसले आणि सवयीप्रमाणे स्पीकरवर लावला. हल्ली ते सगळेच फोन स्पीकरवर लावत.

"सांगितलंस का बाबांना?" तिचा आवाज शेडभर घुमला. "हे बघ, मी सकाळपासून बाजारात आहे, आता सामानाची खोकी घ्यायला चाललेय. तू सांगितलं असशील असं धरून चाललेय. सांगितलंस ना?"

पत्र्याला गाल लावलेला जावई "मी... मग बोलतो," म्हणाला. मामांनी फोन बंद केला, परत त्याच्या खिशात ठेवला आणि खिसा वरून थापटला.

"काय सांगायचंय?"

तेव्हा त्याने सांगितलं. पळता येत नव्हतं, तोंड लपवता येत नव्हतं, म्हणून सांगितलं. शहर, काम, जागा, सोमवार. बोलताना तो मामांच्या बुटांकडे बघत होता, कारण त्याला तेवढेच दिसत होते.  मग ते वळले आणि दाराकडे चालू लागले. बाहेर गेले. पावलांचा आवाज लांब गेला.

शेड एकदम मोठी झाली. पत्र्याचं छप्पर उन्हाने कुरकुरत होतं. जावयाने आजवर पुष्कळदा कल्पना केली होती की मामा ओरडतील, रडतील, छातीला हात लावून खाली बसतील. ते निघून जातील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आपण इथे असेच राहणार, संध्याकाळी बायको खोकी घेऊन येईल आणि नवरा विमानाला लटकलेला सापडेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने जिवाच्या आकांताने हात ओढला. कातडी सोलली. हात होता तिथेच राहिला. मग तो रडला. मोठ्याने रडला, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

पण होतं. मामा दारात उभे होते, हातात पत्र्याची कात्री.

ते खाली बसले. पेटीच्या कडेवरून, रिव्हेटच्या ओळीवरून त्यांनी अंगठा फिरवला. "हिने आतून ठोकळा धरला होता," ते म्हणाले. "बोटं सुजायची तिची. मी विचारायचो, दुखत नाही ना? ती म्हणायची, नाही." मग म्हणाले, "कापतो. पण आधी एक सांगा. लिव्हर ओढला तेव्हा झडप हलली?"

"मामा..."

"हलली का?"

"नाही."

शब्द एवढासा होता. पण तो बाहेर पडल्यावर पुढचे आपोआप आले. "रिव्हेट नाहीत, मामा. कधीच गेलेत. आणि सूर उतरत नव्हता. गेल्या हिवाळ्यापासून उतरत नव्हता. मला ऐकू येत नव्हता आणि मी हो म्हणत होतो. मला वाटलं तुम्हाला ऐकू येतोय."

मामांनी कात्री मांडीवर ठेवली.

"मला कुठला ऐकू येतोय," ते म्हणाले. "गेल्या हिवाळ्यापासून बारीक सूर येतच नाही कानात. माणसं बोललेली कळतात, इंजिन नुसतं घरघरतं. कोणाला सांगणार? कानसेन बहिरा झाला म्हणून? म्हणून तर तुम्हाला विचारायचो. अहो, मी खरंच विचारत होतो."

जावयाने डोळे मिटले. इतकी वर्षं मामांच्या प्रश्नात उत्तर असायचं. ज्या एका प्रश्नात नव्हतं, नेमका तोच त्याला ओळखता आला नव्हता.

"इंजिन ऐकतोय असं समजत होतो," मामा म्हणाले. "तुमचं 'हो, मामा' ऐकत होतो. आणि त्याच्यावर पोरीला बसवणार होतो."

मग त्यांनी कात्री लावली.  रिव्हेटच्या ओळीलगत पत्रा करकरत फाटत गेला. मनगटाजवळ आल्यावर त्यांनी आपली दोन बोटं पातं आणि कातडी यांच्या मधे घातली, म्हणजे कापलं तर आपलं बोट कापावं. पेटीची एक बाजू केळीच्या सालीसारखी मागे वळली, झडप सुटून खाली पडली आणि जावयाचा हात बाहेर आला. लाल, सुजलेला, तेलाने माखलेला. त्याला तो परका वाटला.

मामांनी हात धुतला, फडकं बांधलं. फाटकी पेटी अजून इंजिनाखाली लोंबत होती. मेळा गेला, उडणं गेलं, आणि अशी पेटी पुन्हा घडवायला आतून धरणारा हात लागणार होता. हे दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही तिकडे बघत नव्हते. जावयाला वाटलं, आता कसं जायचं? सासूबाईंच्या हातची शेवटची वस्तू या माणसाने आपल्यासाठी कापली. झडपेपेक्षा हे जास्त घट्ट बसलं. त्या क्षणी मामा "राहाल ना?" म्हणाले असते, तर तो राहिला असता, आणि मरेपर्यंत राहिला असता.

मामा स्टुलावर बसले. "जायचंय ना तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"हो, मामा."

मामांनी मान वर केली. "हे 'हो' कुठलं? नेहमीचं, की खरं?"

 जावयाने 'खरं' म्हटलं तरी तेही त्याच तोंडून येणार होतं. एवढे 'हो' देऊन बसला होता की आता एकाचीही किंमत उरली नव्हती.

मामा उठले. पातेल्यात उरलेला चहा त्यांनी गरम केला, दोन कपांत ओतला. डबा उघडला, चमचा शिगोशीग भरला आणि नेहमीप्रमाणे जावयाच्या कपावर नेला.

"नको," जावई म्हणाला.

चमचा हवेत थांबला.

"मला गोड चहा आवडत नाही, मामा. कधीच आवडत नव्हता."

 चमच्यातली साखर काठावरून सांडत होती, तिकडे मामांचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी चमचा सावकाश परत डब्यात रिकामा केला, झाकण लावलं आणि बिनसाखरेचा कप त्याच्या डाव्या हातात दिला.

"म्हणजे खरंच निघालात तुम्ही," ते म्हणाले.